आपोआप

परभणीतला मे महिना, पंखा फिरतोय पण वारा नाही, आणि लॅबमध्ये ३० कॉम्प्युटर. एकेकाला पेनड्राइव्ह लावत फिरायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, नेटवर्कवरूनच लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चढवू, आपोआप.

"मग तुम्ही काय करणार सर?" लॅबच्या मामांनी विचारलं.

"चहा पिणार."

इथंच दृष्ट लागली.

तसं प्रकरण सोपं. कॉम्प्युटर उठतो तेव्हा त्याला ना नाव, ना गाव. तो नेटवर्कवर हाळी देतो. डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो आणि कानात सांगतो, 'अमक्याकडं जा, अमकी फाइल माग.' ती फाइल देतो टीएफटीपी. हा नातवाला भरवणाऱ्या आजीसारखा: एका वेळी ५१२ बाइटचा घास, आणि गिळल्याचं कळल्याशिवाय दुसरा नाही. पुढं इन्स्टॉलर जे जे विचारेल त्याची उत्तरं प्रीसीडच्या फाइलीत आधीच लिहिलेली. डिस्क पुसू का? पूस बाबा.

दोन दिवस पडद्यावर एकच ओळ: पीएक्सई-ई५३, म्हणजे नेटवर्कवरून उठायला लागणाऱ्या बूट फाइलचं नाव मिळालं नाही. सर्व्हर तीनदा नव्यानं मांडला, केबली बदलल्या, मारुतीला नारळसुद्धा बोललो. शेवटी सापडलं. ऑफिसच्या भिंतीवरचा ब्रॉडबँडचा राउटरही डीएचसीपी वाटत होता! हाळी ऐकली की माझ्या सर्व्हरच्या आधी हाच ओ द्यायचा; पत्ता द्यायचा, पण फाइलीचं नाव नाही. पत्रावळ टाकून पसार, वाढायचं कुणी?

त्याचं डीएचसीपी बंद केलं. काही मशीन यूईएफआयवाली, म्हणजे नव्या पद्धतीनं उठणारी निघाली, त्यांना वेगळी फाइल लागली. तो एक दिवस सोडून देतो. मग मात्र तीसच्या तीस पडदे एकदम हलले. मी छाती काढून चहाला गेलो.

दीड तासानं आलो, तर मामा दारात.

"सर, हे संपलं की परत पहिल्यापासून तेच करायलंय."

बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे मशीननं कुठून उठायचं त्या क्रमात, नेटवर्क पहिलं होतं. लिनक्स चढलं की मशीन रीबूट व्हायचं, पुन्हा हाळी द्यायचं, आणि आताच भरलेली डिस्क इमानेइतबारे पुसायला घ्यायचं.

मग एकेका मशीनपुढं बसून, डिलीट दाबून, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, त्या क्रमात हार्ड डिस्क वर घेत निघालो. सर्व्हरवर एक ओळ बदलून 'आपापल्या डिस्कवरून उठा' असं सगळ्यांना सांगता आलं असतं, हे सत्ताविसाव्या मशीनवर सुचलं. उरलेली तीन हट्टानं हातानंच केली.

चहा मामा पीत होते.