सुरमईचा परतीचा प्रवास

कोकणात जाऊन हॉटेलात मासे खाणं हे पुणेकराच्या हिशेबात बसत नाही. "बंदरावर जायचं, होडीतून उतरल्या उतरल्या घ्यायचे आणि घरी आणून तळायचे," असं मी कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ऐकवलं होतं. मी सेक्रेटरी असल्यामुळे लोकांना ऐकावंच लागतं. त्यामुळे हर्णैहून रिकाम्या हाताने परतायची सोय उरली नव्हती.

ताम्हिणी उतरून माणगाव, मग मंडणगड, दापोली. धाकट्याने दोनदा गाडी थांबवायला लावली. बाकी प्रवास सुखाचा.

हर्णै देखणं आहे, यात वाद नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी १७५५ साली चक्क इंग्रजांना हाताशी धरून तो घेतला होता. म्हणजे या किनाऱ्यावर पुण्याने नको तो सौदा करण्याची परंपरा जुनी आहे.

संध्याकाळी लिलाव. होड्या आत नांगरलेल्या आणि माल आणायला बैलगाड्या थेट समुद्रात. बैल पोटापर्यंत पाण्यात निवांत उभे, आणि मी ओल्या वाळूत नव्या सँडल वाचवत एका पायावर. बोली ढिगावर चालली होती. मी पुढे होऊन विचारलं, "यातले अर्धा किलो मिळतील का?"

बोली थांबली. बैलानेही मान वळवली असावी.

शेवटी एका मावशींना दया आली. "दादा, हा लिलाव व्यापाऱ्यांचा. तुम्ही इकडे या." त्यांच्या पाटीतली सुरमई मी उचलली आणि जाणकाराच्या थाटात कल्ले उघडून लाली तपासू लागलो.

"ती आत्ता दुपारपर्यंत पोहत होती," मावशी म्हणाल्या. "तिला काय विचारायचंय ते विचारा."

त्यांनी बाराशे सांगितले, मी मंडईतल्या सवयीने सहाशे. अकराशेला सौदा पटला, वर चार बांगडे. जिंकलो, असं मला रात्रभर वाटत होतं.

सकाळी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून निघालो. ताम्हिणीच्या वळणावळणांत खोकं डिकीत या टोकाहून त्या टोकाला फिरत होतं, आणि मुळशीच्या आसपास आमच्या लक्षात आलं की बर्फाचं पाणी खोक्यात राहिलेलं नाही.

"अहो, वास येतोय."

"समुद्राचा आहे तो."

"समुद्र दीडशे किलोमीटर मागे राहिला."

सुरमई उत्तम झाली, तुकडे घरातच संपले. बांगडेही. वास मात्र सहकुटुंब मुक्कामाला आला. बेकिंग सोडा झाला, कॉफीची पूड झाली, लिंबं झाली, कापूर जाळला. आता गाडीत बसलं की एखाद्या देवळात कुणीतरी बांगडे तळतंय असं वाटतं. धुणाऱ्या मुलाने डिकीतला गालिचा उचलला, वाकून पाहिलं, पुन्हा होता तसा ठेवला आणि म्हणाला, "काका, याचे वेगळे पडतील."

दरम्यान पार्किंगमध्ये मांजरांची वस्ती वाढली. आधी दोन होती, आता सात. सगळी माझ्याच डिकीवर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लेखी तक्रार दिली, आणि परवा मला नोटीस लावावी लागली: 'पार्किंगमध्ये मांजरांना आकर्षित करणाऱ्या सभासदावर कारवाई करण्यात येईल.' खाली सही माझीच. शिक्का मारताना एक मांजर पायाशी घोटाळत होतं.