तेरीज जुळली, तरी

"फोनवर कुठं हिशेब शिकतात का?" परवा व्हिडिओ कॉलवर दाजी उखडले. कराडला तीस वर्षं बुक-कीपिंग शिकवून ते निवृत्त झालेत. भाची बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉस्टिंग यूट्यूबवरून करते, एक कोर्स ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरून. सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेता येतात, हा यूजीसीचा २०२१ चा नियम तिनं बापाला ऐकवला. "मग कॉलेजला कुलूपच लावा," दाजी म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. परदेशात शिकवणारा मेहुणा आपली बाजू घेईल, ही आशा.

मी मेलबर्नला एका विद्यापीठात अकाउंटिंगची ट्युटोरियल्स, म्हणजे छोट्या गटाचे तास, घेतो. लेक्चरचं सभागृह इथंही ओसच. पोरं रात्री कामावरून आल्यावर रेकॉर्डिंग दीडपट वेगानं ऐकतात. का, तर चारचौघांत ‘कळलं नाही’ म्हणायची लाज वाटते. रेकॉर्डिंग दहादा मागं नेलं तरी कुणी हसत नाही. भाचीचंही शब्दशः हेच.

पोरांचं रडगाणं वेगळंच आहे: उत्तर मिळतं, चुकलं का ते कळत नाही. गेल्या सत्रात एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. दुकानासाठी उधारीवर घेतलेलं फर्निचर तिनं खरेदी खात्याला, म्हणजे विकायच्या मालाच्या खात्याला, नावे टाकलेलं. संगणकानं लाल फुली मारून बरोबर उत्तर दाखवलं, ते तिनं पाठ केलं. "पण सगळं जुळत होतं की!" जुळणारच. असल्या चुकीनं तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा ताळा, हलत नाही, फुगतो तो खर्च. मी एवढंच विचारलं, "दुकानदार हे फर्निचर विकणार आहे का?" ती थांबली. "नाही... वापरणार." पुढची नोंद तिची तिनंच दुरुस्त केली.

दाजींना म्हटलं, भांडण फळा की फोन हे नाहीच. हा प्रश्न विचारायला आठवड्यात एक तास आणि समोर वीस पोरं लागतात. आपल्याकडं शंभर-सव्वाशेच्या तुकडीत तो तास वेळापत्रकातच नसतो. फोन नव्हता तेव्हाही नव्हता. तुम्ही तो घरी, ओसरीवर घेत होता.

इथं तरी तो टिकेल याचा भरवसा नाही. आमच्याकडं मध्यंतरी ट्युटोरियलही ऑनलाइन करून झालं. कॅमेरे बंद, नुसत्या काळ्या चौकटी, आणि मी एकटाच बडबडतोय.

दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या एका तासाचे तिकडं किती घेतात रे पोरांकडनं?"

आकडा मी सांगितला नाही.