बी ऑब्लिक सात

आमचा पत्ता असा: सर्व्हे नंबर ४७/२, फ्लॅट बी/७. कागदावर निरुपद्रवी दिसतो. फोनवर सांगायला घ्या, मग बोला.

सगळा घोळ त्या तिरक्या रेघेचा. कधीकाळी इथल्या शेताचे भावाभावांत वाटे झाले, मोजणी झाली, ४७ नंबराचे हिस्से पडले आणि दुसऱ्या हिश्श्यावर पुढे आमची सोसायटी उभी राहिली. भावांनी मध्ये बांध घातला, दप्तरात रेघ आली, आणि ती तोंडाने उच्चारायचं प्राक्तन माझ्या वाट्याला आलं.

मी तिला लहानपणापासून ऑब्लिक म्हणतो. बाबा मुख्याध्यापक होते. शाळेच्या बारनिशीत 'जावक क्रमांक अमुक ऑब्लिक तमुक' ऐकत वाढलो. पण परवा कुरियरच्या कॉल सेंटरवरच्या मुलीने विचारलं, "सर, हे ऑब्लिक कुठल्या एरियात येतं?" मी समजावून सांगितलं. पार्सल आलं, त्यावर ठसठशीत अक्षरांत: '४७ ओबलीक २, बी ओबलीक ७'. वॉचमन म्हणाला, "साहेब, हे ओबलीक नवीन भाडेकरू का?"

म्हणून मी भाषा बदलून पाहिली. पार्सलवाल्या पोराला 'बटा' कळतं. प्लंबरला 'बाय' कळतं, पण तो ४७ बाय २ ही खोलीची मापं समजून एवढ्या चिंचोळ्या खोलीबद्दल हळहळतो. लेक म्हणते, "स्लॅश म्हण ना, बाबा!" स्लॅश म्हटलं की पलीकडून "फ्लॅश?" येतं.

शेवटी ऑनलाइन फॉर्म भरला. तिथे लाल अक्षरांत सूचना: 'विशेष चिन्हे चालणार नाहीत.' काढली रेघ. ४७२, बी७. हा ४७२ नंबर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथे मंगल कार्यालय. मुहूर्ताचा दिवस होता. आमचं मिक्सरचं भांडं कोणीतरी आहेर समजून ठेवून घेतलं.

त्या रात्री मी इरेला पेटून शब्दकोश काढला. ऑब्लिक म्हणजे तिरपा, कललेला. आणि आडवळणाने बोललेला. पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कलला आहे, त्या कलण्यालाही याच शब्दाचं भावंड लावतात. तिच्या तिरकेपणातून ऋतू होतात. माझ्या रेघेतून नुसता मनस्ताप.

"अरे, व्याकरणातही आहे," पेपराआडून बाबा म्हणाले. "आपलं सामान्यरूप, त्याला इंग्रजीत ऑब्लिकच म्हणतात. प्रत्यय लागायच्या आधी शब्द वाकतो ना, तो. घोडा, पण घोड्याला. नवरा, पण नवऱ्याला, नवऱ्याने, नवऱ्याशी."

"आणि बायको?"

"बायकोला, बायकोने, बायकोशी." बाबांनी पान उलटलं. "एकवचनात तरी ती वाकत नाही."

एवढी वर्षं मराठी बोलतोय, संसारही तितकाच जुना, पण हे दोन्हीकडून कधी लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज येत होता. नेहमीपेक्षा अंमळ मोठाच. मी दारात जाऊन उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, चटणी आज जरा जाडीभरडीच लागेल हं. आपलं भांडं लग्नाला गेलंय."

शब्दकोशातला दुसरा अर्थ इतक्या लवकर, वापरासकट समजेल असं वाटलं नव्हतं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे सासऱ्याला बोललं की मुलाला लागतं.

मी मुकाट्याने पुढे झालो, तिच्या हातातला बत्ता घेतला आणि खोबरं कुटू लागलो.

"नवऱ्याने," बाहेरून आवाज आला. "तृतीया, एकवचन."