प्रोलॅक्टिन वाढलं म्हणून गोळी बंद?

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरच्यांमध्ये प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनबद्दल एक मेसेज फिरतोय : ‘प्रोलॅक्टिन वाढलं म्हणजे औषध रक्तात साचलं. या सगळ्याच गोळ्या हार्मोन बिघडवतात. रिपोर्ट हाय आला की गोळी बंद करा.’ माझी धाकटी बहीण रिस्पेरिडोन या स्किझोफ्रेनियाच्या गोळीवर आहे, त्यामुळे मला तो तिघांनी पाठवला.

‘औषध साचलं’ हे साफ चूक. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीवर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा लगाम असतो, तो प्रोलॅक्टिन दाबून ठेवतो. गोळी डोपामिनला अडवते, लगाम सुटतो. त्याला फार औषध लागतंच असं नाही. अ‍ॅमिसल्प्राइड ही याच आजाराची गोळी ५० मिलिग्रॅमच्या छोट्या डोसलाही प्रोलॅक्टिन चढवते. औषध किती आहे हे बघायचं तर त्याचीच पातळी मोजावी लागते. क्लोझापिन या याच आजाराच्या दुसऱ्या गोळीची मोजतात, ३५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास किंवा वर गेली की गुण येण्याची शक्यता वाढते. विडी-सिगारेटच्या धुराने यकृत हे औषध भराभर मोडतं. म्हणून विडी ओढणारा वॉर्डात भरती झाला, विडी सुटली, की त्याच डोसला पातळी चढते आणि तो पेंगायला लागतो. (तंबाखू मळणाऱ्याला हे लागू नाही. करामत धुराची आहे, निकोटिनची नव्हे.) आणि एवढी पातळी चढूनही क्लोझापिनने प्रोलॅक्टिन फारसं हलत नाही!

‘सगळ्याच गोळ्या’ हेही खोटं. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल चढवतात, क्वेटियापिन सहसा नाही, अ‍ॅरिपिप्राझोल तर उतरवतं.

त्रास मात्र खरा असतो, एवढं मेसेजवाल्याचं कबूल. बहिणीची पाच महिने पाळी नव्हती. कोणाला बोलली नाही. कपडे वाळत घालताना मला तिच्या कुर्त्याच्या आत टाचलेला रुमाल सापडला, दुधाचे डाग पडलेला. प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट ९२ आला, म्हणजे बराच वर. डॉक्टरांनी आधी गरोदरपणाची तपासणी केली, थायरॉइड बघितलं, मग विचारलं, “अ‍ॅसिडिटीला काय घेतेस?” पर्समधून स्ट्रिप निघाली : रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. हे दुसरंही प्रोलॅक्टिन वाढवतं, आणि ती ते दुकानातून परस्पर आणून खात होती. ते थांबवलं, पुढे थोडं अ‍ॅरिपिप्राझोल जोडलं. तिसऱ्या महिन्यात पाळी आली.

रिस्पेरिडोन एक दिवसही चुकवलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिने ते आपलं आपण सोडलं होतं, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात ती रात्रभर दाराची कडी तपासत उभी होती.