आठ नंबरचा मामा

भाच्याने फोंड्यात पूल सुरू केला, असं बायकोने फोनवर काकूला सांगितलं, तेव्हा पलीकडून प्रश्न आला, "मांडवीवर तीन आहेत ते पुरेनात का गो?" नदीवरचा नव्हे, असं समजावल्यावर काकू म्हणाली, "मग टॉवेल घरून न्यायचा की तिथे देतात?" शेवटी मी फोन घेतला आणि सांगितलं, की हा टेबलावर काठीने चेंडू ढकलून भोकात घालायचा पूल. काकू म्हणाली, "म्हणजे कॅरमच, पण महाग." याहून नेमकी व्याख्या माझ्या वाचनात नाही.

बॅनरसाठी फोटो हवा होता. "मामा, तुझा कॅमेरा पडूनच असतो," भाचा म्हणाला. पडून नसतो. गोव्याच्या पावसात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून तो कपाटात पेटत्या बल्बशेजारी असतो, उबेला ठेवलेल्या अंड्यासारखा. पण एवढ्या उबेने आजवर त्यातून काही बाहेर आलं नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

स्वतःला येत नसेल तर थोरांचं उसनं घ्यावं, हे माझं शाळेपासूनचं धोरण. पहिला गाठला फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ. निर्णायक क्षण टिपणारा. लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून तो आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या टेपने झाकायचा. मीही वायरमनची टेप आणून कॅमेरा गुंडाळला. जुलैच्या दमटात टेपचा डिंक पाझरला आणि बोट बटणावरून उचललं की कॅमेराही बरोबर वर येऊ लागला. त्यातून निर्णायक क्षण म्हणजे किती? क्यूचं, म्हणजे त्या काठीचं, टोक आणि पांढरा बॉल यांची गाठभेट सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात उरकते. माझ्या बोटाला वरून हुकूम पोचायलाच पाचवा भाग लागतो. चाळीस फोटोंपैकी अर्ध्यांत भाचा टेबलावर योगासन करतोय आणि उरलेल्या अर्ध्यांत कपाळाला हात लावून उभा आहे. मधलं काय झालं ते ब्रेसाँलाच ठाऊक.

मग मी गणित मांडलं. बऱ्यापैकी जोरात ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारला तर बॉल ताशी 30 किलोमीटरच्या आसपास पळतो. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो 14 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, आणि बॉल स्वतः पावणेसहा सेंटिमीटरचा. म्हणजे फोटोत बॉल नाही, काकडी. हजाराव्या भागावर नेलं तर फक्त आठ मिलिमीटर सरकतो, छान. पण मग दिवे आडवे आले. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे टेबलावरचे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्याला कळत नाही, हजाराव्या भागाला बरोबर कळतं. एका फोटोत कापड पोपटी, दुसऱ्यात शेवाळी, तिसऱ्यावर आडवे काळे पट्टे. "मामा, टेबल नवीन आहे रे," भाचा कळवळून म्हणाला.

दिवेच नकोत, असं ठरवून मी अमेरिकेतल्या प्रोफेसर एजर्टनकडे वळलो. 1964 मध्ये सफरचंदातून आरपार जाणारी बंदुकीची गोळी त्यांनी हवेत थांबवली होती. युक्ती सोपी: मिट्ट काळोख करायचा, शटर उघडं सोडायचं आणि आवाज झाला की क्षणभराचा फ्लॅश. त्यांचा फ्लॅश मायक्रोफोनला जोडलेला होता, माझा मेव्हण्याला. 'खट' ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं. दिवे मालवले. खट झालं, लख्ख उजेड पडला. फोटो आला तो इतका रेखीव, की बॉलवरचे आकडे वाचता यावेत. पंधराच्या पंधरा बॉल त्रिकोणात गुपचूप बसलेले. खट शेजारी उघडलेल्या बिअरच्या झाकणाचं होतं.

दुसऱ्या खेपेला भाच्याने अंदाजाने ब्रेक मारला. पांढरा बॉल टेबलावरून उडाला आणि मेव्हण्याच्या अंगठ्यावर उतरला. फ्लॅश त्याने तेव्हा दाबला, तोही ओरडत. तिसऱ्या खेपेला बाहेरच्या पोरांना वाटलं, लाईट गेली. पावसाळ्यात दुसरं काय वाटणार? चौघांनी सवयीने मोबाईलचे टॉर्च लावले आणि माझा काळोख संपला. एक गिऱ्हाईक क्यू टेकवून म्हणालं, "फोटो मागीर काड, पयलीं म्हाका खेळूंक दी."

राहता राहिला फोटोग्राफर अर्न्स्ट हास. त्याने मुद्दाम शटर सावकाश ठेवून बैलझुंजीचे फोटो काढले, रंग नुसते वाहतात त्यात. सावकाशपणा मला जमतो. सेकंदाचा चौथा भाग शटर उघडं ठेवलं आणि मनात म्हटलं, ही खरी कला. भाच्याने स्क्रीनकडे पाहिलं. "मामा, हे खतखतें आहे." होतंही तसंच, सगळ्या भाज्या एकत्र शिजवल्यासारखं, नारळच काय तो घालायचा राहिला होता.

तसं या बॉलचं आणि फोटोचं नातं जुनं. पूर्वी बिलियर्डचे बॉल हस्तिदंताचे असत. हत्ती परवडेनासे झाले तेव्हा हायट नावाच्या अमेरिकन माणसाने पर्याय शोधता शोधता कापूर वगैरे घालून सेल्युलॉइड जमवलं, आणि पुढे 1889 मध्ये ईस्टमनच्या कंपनीने त्याच सेल्युलॉइडची फोटोफिल्म विकायला काढली. हे मी भाच्याला सांगितलं. तो बॉल पुसत होता. त्याने अजूनच जोरात पुसला.

त्या पुसण्यानेच घात केला. कंटाळून मी शेवटचा फोटो स्थिर बॉलचा काढला, भोकाच्या तोंडाशी थांबलेल्या काळ्या आठ नंबरचा. ना वेग, ना युक्ती. "हा, हाच पाहिजे," म्हणत भाच्याने तो रात्रीच फ्लेक्सवाल्याला पाठवला.

चार दिवसांनी बसस्टँडजवळ बॅनर लागला. आठ नंबरचा बॉल छत्रीएवढा. त्याच्या काळ्या गोल आरशात मधोमध मी, टेपने गुंडाळलेला कॅमेरा डोळ्याला लावून, आणि फुगीर आरसा असल्यामुळे पोट माझ्या बाकीच्या देहाच्या तिप्पट. बाजूला अंगठा धरून बसलेला मेव्हणासुद्धा ओळखू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराने भोंपू वाजवला. पाव माझ्या हातात ठेवताना तो सायकलवरूनच वाकला आणि माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघत म्हणाला, "पात्रांव, त्या बॉलांत तूंच न्हय?"