मामा, ती विमानं तिथवर जातच नाहीत

आज सकाळी आईनं घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. कारण, मामांचा फॉरवर्ड. 'फवारणीच्या विमानांचं काळं सत्य', खाली चार मुद्दे आणि शेवटी 'डोळे उघडा, सगळ्यांना पाठवा'. मामांनी डोळे उघडले, आईनं खिडक्या लावल्या.

मुद्दे असे: एक, पिकांवर औषध मारणारी विमानं म्हणजे युद्धातलं भंगार, त्याला नुसती टाकी बांधलेली. दोन, औषध इतकं जहाल की पायलटला मुद्दाम उंचावर, टाकीच्या मागं बसवतात. तीन, जमिनीलगत उडणं हा लोकांसाठी देखावा. चार, खरी फवारणी जेट विमानांनी दहा किलोमीटर उंचीवरून चालते आणि आकाशातल्या पांढऱ्या रेषा हा तिचा पुरावा.

खिडक्या चौथ्यामुळं लागल्या, म्हणून आधी तोच.

हवाई फवारणीत सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी असते: थेंब जिथं पडायला हवा तिथंच पडावा. त्यासाठी विमान पिकाच्या शेंड्यांवरून जेमतेम तीन-चार मीटरवरून जातं. पंखांच्या टोकांशी हवेचे भोवरे तयार होतात आणि बारीक थेंब वर उचलून भलतीकडं नेतात, म्हणून औषध फवारणाऱ्या नोझलची नळी पंखाच्या टोकापर्यंत नेतच नाहीत. साधारण पाऊण लांबीवरच ती संपते. तीन मीटरवरून पडणाऱ्या थेंबाची एवढी काळजी! आता तोच थेंब दहा किलोमीटरवरून सोडा. पाव मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे एक मीटर खाली येतो. म्हणजे जमिनीवर यायला पावणेतीन तास. वारा ताशी ५० किलोमीटर धरला, तरी तेवढ्या वेळात तो सव्वाशेहून जास्त किलोमीटर लांब जाणार. आणि पोचणार तरी कसा, त्यातलं पाणी वाटेतच उडून गेलेलं असणार. एवढा प्रवास करून ते औषध नेमकं आमच्याच खिडकीतून आत शिरणार होतं, असं मामांचं म्हणणं.

शिवाय विमान तरी बघा. आजच्या मोठ्या फवारणी विमानांत एअर ट्रॅक्टर एटी-८०२ येतं. पुढचा पंखा फिरवणारं एकच टर्बोप्रॉप इंजिन, सुमारे ३,००० लिटरची टाकी, आत न ओढली जाणारी चाकं. केबिनमध्ये दाब राखायची सोय नाही, कारण तेवढ्या उंचीवर त्याचं कामच नाही. पांढऱ्या रेषा ज्यांच्या मागं दिसतात ती जेट विमानं वेगळी. त्यांच्या धुरातली वाफ वरच्या कडाक्याच्या थंडीत गोठते. तेवढंच.

आता एक कबूल करतो, नाइलाजानं. जेट इंजिनाचं फवारणी विमान खरंच होतं. पोलंडमध्ये बनलेलं पीझेडएल एम-१५, पहिलं उड्डाण १९७३. वरखाली दोन पंख, मधे औषधाच्या टाक्या आणि पाठीवर जेट इंजिन. नाव काय, तर बेल्फेगोर, एका सैतानाचं! फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे सापडलं असतं तर पाचवा मुद्दा आयता मिळाला असता. पण तेही खालूनच उडायचं, इंधन भरमसाट प्यायचं आणि कुणाला परवडलं नाही. पावणेदोनशेच्या आसपास बनली आणि प्रकरण मिटलं.

दुसऱ्या मुद्द्याचा मात्र मला खरा राग आला, कारण ज्या रचनेनं पायलटांचे जीव वाचले तीच इथं कटाचा पुरावा म्हणून दाखवली आहे. विमान आपटलं की जड वस्तू पुढं झेपावते. शेकडो किलोंची भरलेली टाकी पायलटच्या पाठीमागं असेल तर ती त्याला चिरडणार. म्हणून टाकी पुढं आणि तो मागं. आधी नाक चेपतं, मग टाकी, तो शेवटी. उंच बसवतात ते नाकापलीकडच्या तारा आणि झाडं दिसावीत म्हणून. फ्रेड वाइक या अभियंत्यानं टेक्सासमध्ये फक्त शेतीच्या कामासाठी एजी-१ हे विमान आखलं, ते डिसेंबर १९५० मध्ये उडालं. त्याच्याच हातून पुढं पायपर पॉनी आलं. ते समोर दिसलं तर या उंच केबिनच्या कुबडाचा अर्थ विचारावाही लागत नाही. कित्येक विमानांत चाकांच्या दांड्यांवर तारा कापणारी पाती असतात, आणि केबिनच्या माथ्यापासून शेपटीपर्यंत एक केबल ताणलेली असते, तार आलीच तर वरून घसरून जावी म्हणून. हे भंगाराला टाकी बांधणाऱ्याचं डोकं आहे?

अमेरिकेच्या विमान नियमावलीचा भाग १३७ तर सरळ सांगतो: दाट वस्तीवर हे काम करणाऱ्या विमानाला औषधाच्या कमाल ओझ्यापैकी निदान निम्मं ४५ सेकंदांत टाकून देता आलं पाहिजे. नुसती टाकी बांधून हे जमत नाही.

भंगाराचं म्हणाल तर सुरुवात तशीच झाली, हे खरं. ३ ऑगस्ट १९२१ला ओहायोतल्या ट्रॉय गावाजवळ कर्टिस जेनी या लष्करी विमानानं कटाल्पाच्या झाडांवर अळ्यांसाठी भुकटीची धुरळणी केली. भुकटी होती शिशाच्या आर्सेनेटची, म्हणजे विषच. दुसऱ्या महायुद्धानंतरही स्टीअरमनसारखी लष्करी वैमानिकांना शिकवायची विमानं स्वस्तात घेऊन लोकांनी त्यांत टाक्या बसवल्या. पण वाइकचं विमान येऊन सत्तर वर्षं उलटून गेली.

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर वर आलंच आहे.

औषध वाऱ्यानं शेजारच्या शेतात उडतं, ही तक्रार मात्र खोटी नाही. वारा जास्त असताना किंवा थेंब फार बारीक केले की ते होतं, तीन मीटरवरूनसुद्धा. फॉरवर्डमध्ये त्याबद्दल अक्षर नाही. तेव्हा मामा, कुठं कुणाचं पीक असं करपलं असेल आणि तारीख, वाऱ्याचा वेग, फोटो असं काही हाताशी असेल, तर ते जरूर पाठवा. मी स्वतः पुढं पाठवीन.