भाचीचं व्हायोलिन, तंजावरचे भोसले आणि नेपोलियन

गेल्या महिन्यात चेन्नईला बहिणीकडे गेलो होतो. भाची बारा वर्षांची, दोन वर्षं झाली कर्नाटकी व्हायोलिन शिकतेय. मांडी घालून खाली बसते, व्हायोलिनचं ते वळणदार टोक उजव्या घोट्यावर टेकवते, दुसरं टोक खांद्याशी, आणि तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या. मी चहा पीत पेपर चाळत होतो आणि कानावर एक चाल पडली. ओळखीची. एकदम ओळखीची. दोन मिनिटं डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली, अरे हे तर इंग्लंडचं राष्ट्रगीत! गॉड सेव्ह द किंग!

तिला म्हटलं, हे कुठे शिकलीस गं? तर म्हणे, "मामा, हे दीक्षितरांचं आहे. संस्कृत आहे. देवीवर." आणि वाजवता वाजवता म्हणूनच दाखवलं, संततं पाहि मां संगीत श्यामले...

मुथ्थुस्वामी दीक्षितर म्हणजे कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीतले एक. तरुणपणी ते मद्रासजवळ मणलीला राहायचे. तिकडे सेंट जॉर्ज किल्ल्यावर ईस्ट इंडिया कंपनीची फौज, आणि फौज आली की बँड आलाच. ते सूर ऐकून त्यांनी त्या चालींवर संस्कृत शब्द बसवले, जवळपास चाळीस रचना, नोट्टुस्वर म्हणतात त्यांना. सगळ्या शंकराभरणम् रागात, कारण गोऱ्यांचं मेजर स्केल आणि शंकराभरणम् साधारण एकच पडतं. त्यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी तर एका युरोपियन माणसाकडे रीतसर व्हायोलिन शिकले. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटकी मैफल बसत नाही ना, तर ते वाद्य आलं ते असं, कंपनीच्या मागोमाग.

आता माझा मुद्दा. आपल्याकडे तंजावरच्या मराठ्यांबद्दल (शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचे वंशज, तमिळ मुलखातले भोसले राजे) जे फॉरवर्ड फिरतात त्यात ठरलेली वाक्यं असतात, सरफोजीराजांनी सरस्वती महाल हे ग्रंथालय वाढवलं, कला जपली, विद्या जपली, छाती फुगते वगैरे. खोटं काहीच नाही त्यात. पण राजाला एवढा वेळ कुठून मिळाला, हे कोणीच विचारत नाही!

तर १७९९ मध्ये कंपनीने तंजावरशी तह केला. राज्यकारभार कंपनीकडे, फौज-न्याय-वसुली सगळं कंपनीकडे. राजाला वर्षाला एक लाख पॅगोडा (तेव्हाचं सोन्याचं नाणं) आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा, आणि हुकूम चालणार कुठे तर तंजावरचा किल्ला आणि आजूबाजूला. सरफोजी तेव्हा बावीस वर्षांचे. म्हणजे विचार करा, बावीस वर्षांचा हुशार पोरगा, श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीत वाढलेला, इंग्रजी फाडफाड, हातात कावेरीच्या भातशेतीचा पैसा, आणि काम काहीच नाही. लढाई करायची नाही, तह करायचा नाही, शेजाऱ्यावर स्वारी नाही. मग तो पैसा आणि ते डोकं जाणार कुठे? ग्रंथांत गेलं, वीणेत गेलं, दवाखान्यात गेलं, वनस्पतींच्या चित्रांत गेलं. दरबारात पाश्चात्य वाद्यांचा बँड उभा राहिला. आज भरतनाट्यमचा जो क्रम शिकवतात तो ज्या चार भावांनी बसवला, तंजावर चौकडी, ते याच दरबारातले, आणि त्यातला वडिवेलू व्हायोलिनवाला!

चित्रकारांचंही तेच. सोन्याचा वर्ख लावून बाळकृष्ण काढणारे हात कंपनीच्या साहेबांसाठी युरोपियन कागदावर जातीजातींच्या जोडप्यांची चित्रं काढायला लागले, नवरा-बायको शेजारी शेजारी उभे, हातात धंद्याचं सामान. साहेब ते अल्बम घेऊन विलायतेला जायचे. गिऱ्हाईक बदललं की चित्र बदलतं, त्यात चित्रकाराला काय नावं ठेवायची, त्यालाही घर चालवायचंय.

चेन्नईहून दोन दिवस तंजावरला जाऊन आलो. बृहदीश्वराच्या आवारात नैऋत्येच्या बाजूला भिंतीवर भोसले वंशाचं चरित्र कोरलंय, मराठीत. चोळांनी बांधलेलं हजार वर्षांचं देऊळ, आसपास सगळी तमिळ, आणि एकदम आपली अक्षरं, ओळीमागून ओळी, संपतच नाहीत. ऊन मी म्हणत होतं, पाय पोळत होते (चपला बाहेर), तरी मी तिथेच. बोट लांबून फिरवत अक्षर अक्षर लावत वाचत होतो आणि मागून एक तमिळ आजोबा कौतुकाने बघत होते की या माणसाला हे वाचता येतंय.

तो लेख १८०३ चा. आणि १८०३ म्हटलं की मला आठवतं जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचा आर्थर वेलस्लीने पराभव केला तो दिवस. इकडे दख्खनमध्ये मराठी तोफा बंद पडत होत्या आणि तिकडे एक मराठी राजा आपल्या घराण्याचा इतिहास दगडात कोरून घेत होता. घाई झाली असणार त्याला असं मला आपलं वाटतं. राज्य हातात असलेला माणूस एवढं लांबलचक कशाला कोरून ठेवेल?

पण याच्यापुढची गोष्ट आणखी भारी आहे. पट्टुकोट्टईच्या पलीकडे मल्लिपट्टिनमजवळ समुद्रकाठी सरफोजींनी बांधलेला एक षटकोनी, आठ मजली बुरूज आहे. तिथले लोक त्याला मनोराच म्हणतात, आपलाच शब्द. कशासाठी बांधला? ब्रिटिशांचा विजय आणि नेपोलियनचा पाडाव साजरा करायला! मनोऱ्यावरच्या लेखात राजा स्वतःला ब्रिटिश सरकारचा मित्र म्हणवतो. सगळे गाईड वॉटर्लू वॉटर्लू करतात, पण दगडावर १८१४ आहे आणि वॉटर्लू झालं १८१५ ला, असो. नेपोलियनच्या फौजांना स्पेनमधून हुसकावणारा सेनापती कोण? तोच आर्थर वेलस्ली, असईवाला. आणि १७९९ चा तह झाला तेव्हा गव्हर्नर जनरल कोण? त्याचाच थोरला भाऊ रिचर्ड. एका भावाच्या राज्यात गादी पोकळ झाली, दुसऱ्याने असईला भाऊबंदांना झोडपलं, आणि आपला राजा त्यांच्या विजयाचा मनोरा बांधतोय!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा चीड आली होती. आता येत नाही तेवढी. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या मदतीने तंजावर गिळलं होतं, तीन वर्षांनी परत मिळालं, हे त्या घराला ठाऊक होतं. गादी कोणाच्या मर्जीवर आहे हे कळत असलेला माणूस मनोरे बांधतोच. आणि एवढं करूनही १८५५ मध्ये सरफोजींचा मुलगा शिवाजी वारसाशिवाय गेला आणि कंपनीने राज्य खालसा केलंच. मनोरा उपयोगी पडला नाही. व्हायोलिन मात्र राहिलं.

कोणी म्हणेल त्रिमूर्तीतले दुसरे, त्यागराज, तर त्याच मुलखात होते, त्यांनी दरबाराचं आमंत्रण नाकारलं असं सांगतात, म्हणजे कला सत्तेशिवाय होते की! होते ना. पण त्यागराजांच्या रचनांच्या साथीला आज जे वाजतं ते बघा.

मनोरा बघायचा राहिला, बस चुकली. दिवाळीत परत जायचं ठरलंय. भाची म्हणाली, मामा, मी व्हायोलिन घेऊन येते, तिथे बसून तेच वाजवते. तिच्या टीचरना सांगितलं तर म्हणाल्या, वाजव की, पण त्याआधी तुझा निषाद जागेवर आण.